हिवाळ्यातलं आभाळ आणि हवामानाचा अंदाज कसा वाचायचा

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यावर येणारे बहुतेक ढग पाऊस देत नाहीत, पण रात्रीचा गारठा मात्र बदलून टाकतात. हरभरा, ज्वारी, आंब्याचा मोहोर यांचं गणित त्या गारठ्यावर असतं. म्हणून आभाळ आलं की आधी दोन गोष्टी बघा : ढग किती उंचावर आहे आणि कुठून येतोय.

उंची ओळखायला हात पुरतो. हात सरळ ताठ करा आणि ढगाच्या एका पुंजक्यावर करंगळी धरा. पुंजका करंगळीआड झाकला गेला तर तो सिरोक्युम्युलस, साधारण ६ किलोमीटरच्या वरचा. झाकायला एक ते तीन बोटं लागली तर मधल्या थरातला अल्टोक्युम्युलस. त्याहून मोठा असेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस, म्हणजे २ किलोमीटरच्या आतला. हे मोजमाप डोक्यावरच्या ढगांपुरतंच धरा. क्षितिजाकडचे पुंजके लांब असल्यानं बारीक दिसतात आणि तिथं हमखास चूक होते.

दिशा ठरवताना अंगाला लागणाऱ्या वाऱ्यावर जाऊ नका, वर वारा वेगळाच असतो. विजेच्या खांबाच्या टोकाशी ढगाची कड जुळवा, जागेवरून न हलता दोन-तीन मिनिटं बघा. पांढऱ्या तंतूंचे सिरस हिवाळ्यात जवळपास नेहमी पश्चिमेकडून सरकतात. उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांचा वेगवान झोत त्यांना आणतो. नुसते सिरस असतील तर पावसाची चिंता नको.

सिरस दाट होत सिरोस्ट्रेटस झाले की चंद्राला खळं पडतं. ते मोठं असतं : हात ताठ धरून पंजा फाकवला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर म्हणजे चंद्रापासून खळ्याच्या कडेपर्यंतचं अंतर. चंद्राला चिकटून दिसणारं छोटं रंगीत कडं वेगळं. ते पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांमुळे दिसतं. त्याला खळं समजू नका. पुढं आभाळ राखाडी होऊन सूर्य पुसट दिसू लागला, अंगणात सावली पडेना, तर तो अल्टोस्ट्रेटस. मराठवाड्यात पुष्कळदा गोष्ट इथंच थांबते, कारण खालची हवा कोरडी असते आणि पडलेले थेंब वाटेतच सुकतात. पाऊस यायला खालूनही ओल लागते, आणि ती बहुधा बंगालच्या उपसागराकडून येते. वर पश्चिमेचे उंच ढग, खाली पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून सरकणारे स्ट्रॅटोक्युम्युलस आणि हवेत दमटपणा, असं एकत्र जुळलं की खळ्यावर आलेली ज्वारी झाका.

आता अंदाजाची भाषा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'हलका पाऊस' म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर. पावसाची नोंद सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांची असते, त्यामुळे मंगळवारच्या आकड्यात सोमवारचा पाऊस मोडतो. 'किमान तापमानात २ ते ३ अंशांनी घट' असं लिहिलं असेल तर ती घट सध्याच्या किमान तापमानातून असते, सरासरीतून नाही. म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा. थंडीची लाट म्हणायला सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी लागतं.

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पिकाच्या शेंड्याशी तापमान त्याहून दोन-चार अंशांनी कमी असू शकतं. सखल रानात गार हवा साचते, तिथं आणखी कमी. ढग असले की जमिनीची ऊब वर निसटत नाही आणि किमान तापमान चढतं. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून ढग-पाऊस घेऊन येणारी हवेची प्रणाली, पुढं सरकला, आभाळ मोकळं झालं आणि उत्तरेचा वारा सुटला की पुढच्या दोन-तीन रात्री जपा, संध्याकाळी हलकं पाणी द्या.

ढगाळ, दमट हवा सलग दोन-तीन दिवस राहिली तर हरभऱ्यात घाटे अळी, करडई-ज्वारीवर मावा आणि मोहोरावर तुडतुडे व भुरी बघायला रानात जाच. हरभऱ्यात हेक्टरी ५ कामगंध सापळे (गंधानं नर पतंग ओढून घेणारे) आधीच लावलेले बरे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते, तीत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पीकनिहाय सल्ला असतो. फवारणी तो पाहूनच ठरवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नियम बदलतात. जमीन तापते, खाली ओल आणि वर थंड कोरडी हवा आली की गारपिटीचे ढग तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं इथल्या रब्बीची माती केली. दुपारी क्युम्युलसचा, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगाचा, माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत वर चढतो का, ते बघत राहा. तो माथा सपाट होऊन बाजूला पसरला की क्युम्युलोनिंबस, म्हणजे विजा-गारांचा ढग, झाला, मग अर्धा-पाऊण तासही हाताशी नसतो. अशा दिवशी काढलेला हरभरा, गहू सकाळीच ताडपत्रीखाली घ्या आणि विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप उघडं ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना ३ ने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर झाड सोडून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.