तुडतुडा समजून भलत्यालाच मारू नका: फोटोवरून बारीक कीटक ओळखताना या चुका टाळा

सप्टेंबरात पूर्व विदर्भातल्या एका भातशेतकऱ्याने फोटो पाठवला. हिरवे पंख, पुढचा भाग काळा, लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. खाली लिहिलं होतं, "हिरवे तुडतुडे लई झालेत, कोणतं औषध मारू?" फोटो मोठा करून पाहिला तर डोक्यावरून दोन लांब मिशा पुढे आलेल्या, बाजूच्या पानावर त्यांची सावलीसुद्धा पडलेली. तुडतुडा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, त्याला अशा मिशा नसतात. त्याच्या मिशा केसासारख्या बारीक आणि आखूड असतात, साध्या फोटोत बहुतेक वेळा दिसतही नाहीत. हा होता मिरीड ढेकूण, तपकिरी तुडतुड्यांची अंडी आणि पिल्लं शोषून खाणारा मित्रकीटक. मी लगेच फोन केला, "दादा, पंप भरला असेल तर तसाच ठेवा." फवारणीत हा मेला असता, खोडात लपलेली तपकिरी तुडतुड्यांची अंडी मात्र वाचली असती, आणि पुढच्या पिढीला खाणारं शेतात कुणी उरलं नसतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे: रंग पाहून नाव ठेवणं. हिरवा म्हणजे तुडतुडा, पांढरी म्हणजे पांढरी माशी, काळा बारीक म्हणजे मावा. पण रंग फार फसवतो. नुकतीच कात टाकलेला कुठलाही कीटक फिकट दिसतो, मेलेल्या तुडतुड्याचा हिरवा रंग पिवळा पडतो, आणि दुपारच्या उन्हात मोबाइल कॅमेरा सगळ्यालाच वेगळी छटा देतो. भातावरच्या हिरव्या तुडतुड्यातसुद्धा नराच्या पंखांची टोकं काळी असतात आणि मादीची फिकट. दोन फोटो शेजारी ठेवले तर माणूस दोन वेगळ्या किडी म्हणेल.

मग पाहायचं काय? आधी मिशा, मग मागचा पाय. पानावरच्या तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नडगीवर काट्यांची लांबलचक रांग असते, कंगव्याच्या दात्यांसारखी. भाताच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसणारा तपकिरी तुडतुडा मराठीत त्याच नावाने ओळखला जातो, पण त्याचं कुळ वेगळं. त्याच्या नडगीच्या टोकाला एकच मोठा हलणारा काटा असतो आणि मिशा डोळ्यांच्या खाली, बुडाशी जाड. हा फरक पुस्तकी नाही. तपकिरी तुडतुडा बुंध्याशी राहतो म्हणून वरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि हे दोन्ही अवयव वरून काढलेल्या फोटोत झाकलेले असतात. म्हणून एक फोटो वरून, एक अगदी बाजूने आणि जमलं तर एक समोरून, तोंडाचा. मला एकच निवडायला सांगितलं तर मी बाजूचा निवडेन.

कपाशीत वेगळी गडबड होते. कपाशीच्या तुडतुड्याच्या प्रत्येक पंखावर मागच्या बाजूला एक काळा ठिपका असतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यामुळे ठिपका दिसला नाही की "हा तुडतुडा नव्हे" असं ठरवून मोकळे होतात. पण पिल्लांना पूर्ण पंखच नसतात, ठिपका येणार कुठून? पिल्लू ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याची चाल. पान उलटं केलं की ते सरळ पळत नाही, खेकड्यासारखं तिरपं सरकतं. हे फोटोत कधीच कळत नाही. दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा.

पानाखाली चिकटलेल्या पांढुरक्या काती हाही एक सापळा. त्यांना कीड समजून मोजतात आणि आकडा फुगतो. कातीच्या पाठीवर चीर असते आणि पानाला टिचकी मारली तरी ती जागची हलत नाही.

पिठ्या ढेकणाच्या बाबतीत तर मला खरंच वाईट वाटतं. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी मढलेली असते. ती पिठ्या ढेकूण खाऊनच वाढते. "हा बघा सगळ्यात मोठा" म्हणून लोक तिचाच फोटो पाठवतात आणि तिलाच आधी चिरडतात. अंगावरचे झुबके लांब असतील आणि ती भराभर चालत असेल, तर हात आवरा.

फोटो काढण्याच्या चुका थोडक्यात सांगतो. डिजिटल झूम वापरू नका, मोबाइलला क्लिपचं मॅक्रो भिंग लावा. वाऱ्यात पान हलतं, देठ दोन बोटांत धरा. पहाटे गारव्यात कीटक सुस्त असतात, तीच वेळ साधा. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर भागच स्पष्ट येतो, तेव्हा फोकस डोळ्यावर असू द्या. शेजारी मिलिमीटरची पट्टी धरा, कारण फोटोत मावा आणि मिरीड एकाच मापाचे दिसतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आक्रसतो आणि पायावरचे काटे पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पीक, पानाची बाजू, तारीख, गाव लिहायला विसरू नका. "हे काय आहे?" एवढ्यावर कुणीही नीट उत्तर देऊ शकत नाही.

ॲपने सुचवलेलं नाव डोळे झाकून घेऊ नका. आयनॅचरलिस्टसारखं ॲप कुळापर्यंत चांगली वाट दाखवतं, पण बारीक हिरव्या तुडतुड्यांच्या कितीतरी प्रजाती बाहेरून एकसारख्याच असतात. नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तज्ज्ञही नाव सांगत नाहीत. तिथे "तुडतुड्याच्या कुळातला" एवढंच लिहिणं हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे. आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे त्या मानाने सोपे, कारण डोक्यावरचे आणि पाठीच्या त्रिकोणावरचे ठिपके पाहून पुढे जाता येतं. तिथे मात्र वरून काढलेला फोटोच कामाचा.

नाव पक्कंच हवं असेल तर फोटोबरोबर कीटकही जपून ठेवा. छोट्या बाटलीत ७० टक्के अल्कोहोल घ्या, चार-पाच कीटक टाका आणि पीक, गाव, तारीख लिहिलेली कागदाची चिठ्ठी आतच सोडा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.