रंग पकडणारी शीट: कपड्याला कपड्याचा रंग लागू नये म्हणून ती कशी वापरावी

नवा मरून कुर्ता आणि पांढरी ओढणी एकाच धुण्यात गेली की काय होतं, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणून हल्ली सुपरमार्केटमध्ये आणि ऑनलाइन कलर कॅचर शीट मिळतात. हातरुमालापेक्षा लहान, पांढऱ्या, कापड आणि कागद यांच्या मधल्या पोताच्या. जाहिरात वाचली की वाटतं, आता कपडे वेगळे करायची गरजच उरली नाही. तेवढ्यावर विसंबू नका. वेगळे करूनही जो थोडा रंग पाण्यात येतो तो टिपायला आणि कोणता कपडा अजून रंग सोडतोय हे ओळखायला ही शीट उत्तम आहे. त्यापुढची जबाबदारी तिच्यावर टाकली की पांढरे कपडे गुलाबी होतात.

आधी ती काम कशी करते ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच येतात. सुती कपड्यांना वापरले जाणारे बहुतेक विद्राव्य रंग पाण्यात उतरले की ऋणभारित असतात. शीटच्या तंतूंवर धनभारित रसायन पक्कं बसवलेलं असतं. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, रंग शीटला चिकटतो आणि सहसा परत सुटत नाही. म्हणजे शीट पाण्यात तरंगणारा सुटा रंगच पकडते. कपड्यातला रंग ती बाहेर ओढत नाही, आणि कपड्यात रंग पक्काही करत नाही.

धुण्याआधी चाचणी

नव्या गडद कपड्याची आतली शिवण किंवा दुमड थोडी ओली करा. त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठेवून दहा-पंधरा सेकंद दाबा. कापडाला सोसत असेल तर कोमट इस्त्री टेकवा. तुकड्याला ठळक रंग लागला तर तो कपडा पहिले दोन-तीन वेळा एकटाच धुवा, शीट टाकली तरी एकटाच. पुसटसा डाग असेल तर गडद कपड्यांबरोबर शीट घालून चालेल. काहीच लागलं नाही तर शीट वाया घालवू नका. बांधणी, पैठणी, हातमागाचं रेशीम यांची चाचणी झाली तरी ती मशीनमध्ये नकोतच.

मशीन भरताना

शीट रिकाम्या ड्रममध्ये आधी टाका, कपडे तिच्यावर. फ्रंट लोडमध्ये ती पार मागच्या बाजूला सरकवा. दाराजवळ राहिली तर रबरी कडेच्या खोबणीत जाऊन अडकते आणि धुणं संपेपर्यंत तिथेच बसते. टॉप लोडमध्ये शीट जाळीच्या पिशवीत घातलेली बरी, म्हणजे ती फाटून फिल्टरमध्ये जात नाही. मात्र पिशवीत तिच्याबरोबर मोजे कोंबू नका, तिच्याभोवती पाणी खेळायला हवं.

याच कारणाने ड्रम ठासून भरायचा नाही. कपड्यांवर हाताचा पंजा आडवा सहज मावेल इतकी जागा ठेवा. गच्च ड्रममध्ये कपडा कपड्याला घासत राहतो, रंग थेट इकडून तिकडे जातो आणि पाण्यात न आलेला रंग शीटच्या हाती लागत नाही.

पाणी थंड ठेवा, फार तर ३० अंश. बऱ्याच फ्रंट लोड मशीनवर ‘कॉटन’ निवडलं की आपोआप ४० किंवा ६० अंश लागतं, ते बघून कमी करा. डिटर्जंट पाकिटावर लिहिलंय तेवढंच. आणि एक गोष्ट आवर्जून: फॅब्रिक सॉफ्टनर डिटर्जंटबरोबर सुरुवातीलाच ओतू नका. सॉफ्टनरसुद्धा धनभारितच असतो. तो सुरुवातीला पाण्यात आला तर सुटा रंग त्याच्याशीच बांधला जातो आणि शीटपर्यंत पोचत नाही. त्याची जागा शेवटच्या खळबळण्यात.

धुतल्यावर शीट वाचा

बहुतेक जण शीट काढून फेकून देतात. खरं तर तिचा अर्धा उपयोग इथेच आहे. मरून कुर्त्याच्या पहिल्या धुण्यात शीट कोकम सरबताच्या रंगाची झाली, तर कुर्त्यात सुटा रंग भरपूर आहे. तो पुन्हा एकटाच धुवा. पुढच्या धुण्यातली शीट फिकट गुलाबी निघाली तर आता गडद कपड्यांत घाला. जवळजवळ पांढरी निघाली तर त्याला नेहमीच्या धुण्यात जागा द्या. शीट उन्हात वाळवून तिच्या कोपऱ्यात पेन्सिलने कपड्याचं नाव लिहून ठेवलं, तर दोन धुण्यांतली तुलना नजरेने करता येते. घरात धुणं एकापेक्षा जास्त माणसं लावत असतील तर हे फार उपयोगी पडतं.

दोन सावधगिऱ्या. शीटवर दिसतो तेवढा सगळा रंग पांढऱ्या कपड्यांना लागलाच असता असं नाही. शीट साध्या कापडापेक्षा रंग जास्त ओढते. आणि शीट पांढरी निघाली म्हणजे धोका नाही असंही नाही. जीन्समधली नीळ पाण्यात विरघळत नाही, ती बारीक कणांनी आणि घासून सुटते. पिगमेंटच्या छपाईचंही तसंच. पॉलिस्टरचे रंगही विद्युतभाराने ओढले जाणारे नसतात. अशा कपड्यांपुढे शीट फारशी चालत नाही, तेव्हा नवी जीन्स कायम वेगळी.

पाकिटावर ‘मळही पकडते’ असं लिहिलेलं असतं. पाण्यातला थोडा सुटा मळ ती धरते, पण पांढरे कपडे बोअरच्या जड पाण्यामुळे करडे पडत असतील तर शीटने ते उजळणार नाहीत.

वापरलेली शीट पुन्हा वापरू नका. पांढरी दिसली तरी डिटर्जंटमधले ऋणभारित घटक तिच्यावर बसलेले असतात आणि तिची ताकद कमी झालेली असू शकते.

ओले कपडे तसेच पडू देऊ नका

रंग लागण्याचे कितीतरी प्रकार धुणं संपल्यानंतर घडतात. सायकल संपली आणि कपडे तासभर ड्रममध्ये ओले दबून राहिले, मध्येच वीज गेली, बादलीत रात्रभर भिजत पडले: या सगळ्यांत ओला कपडा ओल्या कपड्याला चिकटलेला असतो आणि शीट काही करू शकत नाही. वीज गेली आणि मशीन उघडत असेल तर गडद कपडे लगेच बाहेर काढा. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर दाटीवाटीने वाळत घालताना पांढऱ्याशेजारी गडद नको. वाळायला वेळ लागतो तेवढा वेळ रंगाला मिळतो.

हाताने धुताना बादलीत शीट टाकली तरी चालते, पण अधूनमधून पाणी ढवळावं लागतं. शीट नसेल तर जुना पांढरा सुती पंचा टाका. तो कमी रंग ओढेल, तरी थोडा ओढेलच. मीठ किंवा व्हिनेगरने बाजारातल्या सुती कपड्याचा रंग कायमचा पक्का होतो यावर मात्र विसंबू नका.

तरीही रंग लागलाच तर

कपडा वाळवू नका आणि त्यावर इस्त्री तर अजिबात नको; वाळलेला डाग काढणं अवघड जातं. रंग सोडणारा कपडा बाजूला काढा, बाकीचे ओले असतानाच दोन नव्या शीट घालून पुन्हा धुवा. पांढऱ्या सुती कपड्यावर डाग राहिला तर सोडियम परकार्बोनेट असलेला ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात घालून, पाकिटावरच्या वेळेपुरतं भिजवा. रेशीम आणि लोकर त्यात घालू नका. क्लोरीनचा ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. भिजवल्यावर कपडा भरपूर पाण्यात खळबळून घ्या आणि डाग पूर्ण गेला का ते दिवसाच्या उजेडात पाहूनच दोरीवर टाका.