उन्हाळी पार्टीत कच्चा मासा: या चुका टाळा

सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, फसतं ते बहुतेक वेळा लिंबावर टाकलेल्या भलत्याच भरवशामुळे. रसात पडले की माशाचे काप पांढरे होतात, घट्ट होतात, अगदी शिजल्यासारखे दिसतात. पण आम्लाने फक्त प्रथिनांची ठेवण बदलते. अनिसाकिससारखे कृमी त्या रसातही जिवंत राहू शकतात आणि जिवाणूही सगळे मरत नाहीत. कृमींचा बंदोबस्त गोठवूनच करावा लागतो: उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांवर कडक गोठवून त्याच तापमानाला 15 तास. घरचा फ्रीजर साधारण उणे 18 पर्यंतच जातो, त्यामुळे ‘मी आठवडाभर ठेवला होता’ यावर विसंबू नका. नुसतं ‘सुशी ग्रेड’ (म्हणजे कच्चा खाण्याजोगा) लेबल पाहून खूश होण्यापेक्षा मासा किती तापमानाला, किती दिवस गोठवला होता ते विक्रेत्याला विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तो मासा तव्यावर टाकावा, हे उत्तम. गोड्या पाण्यातल्या माशाचा तर कच्चा खायला विचारच नको.

ट्यूना, बांगडा अशा माशांची आणखी एक गोम आहे. ते उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं. ते लिंबाने जात नाही, गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. आणि वासावरून दरवेळी कळेलच असंही नाही. म्हणून मासा आणताना बर्फ सोबत हवाच.

आता पोताचं. काप चिवट झाले तर ते रसात फार वेळ राहिले असं समजा. अर्ध्या इंचाच्या फोडींना 15-20 मिनिटं पुरतात, पातळ कापांना त्याहून कमी. सकाळीच कालवून ठेवायची हौस आवरा. कांदा, मिरची चिरून ठेवा, रस काढून गार करा आणि मासा ऐनवेळी मिसळा. काप फाटत असतील तर सुरी बोथट आहे किंवा मासा गार नाही. 15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून, धाग्यांना आडवा कापला की कडा स्वच्छ येतात. पाणी सुटत असेल तर मासा आधी टिपून घ्या. टोमॅटोच्या बिया काढा, काकडीच्याही. चव कडवट लागली तर लिंबू सालीसकट दाबून पिळलं गेलंय. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, काचेचं घ्या.

वाढताना सगळा डोंगर एकदम टेबलावर मांडू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात संपवायचं किंवा टाकून द्यायचं. उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवून रात्री खायचं नाही. बर्फावर छोटी वाटी ठेवा, संपली की दुसरी आणा. कुरकुरीत चिप्स बाजूला ठेवा, वरून पेरले की पाच मिनिटांत मऊ पडतात.

गर्भवती, लहान मुलं, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पाहुण्यांसाठी उकडून गार केलेली कोळंबी त्याच मसाल्यात वेगळी कालवा. तिचा चमचाही वेगळाच ठेवा.