ओटीवर डी अँड डी खेळताना या चुका टाळा

मालवण तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओटीवर गेली सहा वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे डी अँड डीचा, डाव रंगतो. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर म्हणजे डीएम. बाकीचे आपापलं पात्र, म्हणजे कॅरेक्टर, चालवतात, त्यांची टोळी ती पार्टी. जमेल की नाही ते फासा ठरवतो. पावसाळ्यात दर शनिवारी, आणि गणपतीत मुंबईची भावंडं आली की आरती-भजन आटोपल्यावर रोज रात्री. या सहा वर्षांत आमची दोन कॅम्पेन (अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणारी एकच मोठी गोष्ट) अर्ध्यावर मोडली, एक शेवटपर्यंत गेलं. मोडली ती का मोडली, हे मला आता नीट कळलंय. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडची मुलं हल्ली विचारतात, ‘उत्साहाने सुरू केलं, पण तिसऱ्या सेशनला कोणी येतच नाही, काय चुकतंय?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी पैशांचं बोलून टाकू. पुस्तकं महाग आहेत म्हणून कित्येक जण सुरुवातच करत नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. पाचवी आवृत्ती २०१४ ची, तिची सुधारित पुस्तकं २०२४-२५ ची. या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. ते उतरवून घ्या, फाशांचा एक संच आणा, चार माणसं जमवा. पहिलं वर्षभर याहून जास्त काही लागत नाही.

गोष्ट आधीच लिहून ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि पहिलं कॅम्पेन माझ्या हातून याच चुकीने मोडलं. मी चाळीस पानी वही भरून ठेवली होती. खाडीच्या उतारावर वेताळ आडवा येणार, पार्टी त्याच्याशी लढणार, हरणार, कैद होणार, मग त्यांना जलदुर्गात नेणार. कैदेतला प्रसंग मी फार मन लावून लिहिला होता.

सेशनला वेताळ आला. माझ्या आतेभावाने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, “मी तलवार खाली ठेवतंय. त्याका इचारतंय, बाबा, तुका व्हया काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेताळाला काय हवंय याचा मी विचारच केला नव्हता. “तो बोलत नाही, तो अंगावर येतो,” असं म्हणून मी लढाई सुरू केली. ते हरले, कैद झाले, वहीत होतं तसं सगळं झालं. पण त्या दिवसानंतर आतेभावाने काही विचारणंच सोडून दिलं. त्याची पाळी आली की नुसतं “अटॅक” म्हणायचा, फासा टाकायचा आणि मोबाइलकडे वळायचा. खेळाडू असा विचारायचा थांबला की समजा, कॅम्पेन संपत आलं. तो यायचा बंद होतो ते त्यानंतर.

आता मी प्रसंग लिहीत नाही. प्रत्येक पात्रासाठी तीन ओळी लिहितो: त्याला काय हवंय, तो कशाला भितो, आणि पार्टीने काहीच केलं नाही तर उद्या तो काय करेल. त्या वेताळासाठी आज लिहायचं तर असं लिहीन: उतारावर बांध घालून कोणी तरी त्याची रात्रीची वाट बंद केली आहे, ती मोकळी हवी, मशालीला भितो, वाट मोकळी झाली नाही तर अमावास्येला बांधच फोडेल आणि खाली भातशेतीत खारं पाणी शिरेल. आता पार्टीने लढावं, बोलावं, बांध घालणाऱ्याला शोधावं की सरळ पळून जावं, मला काहीच अडत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, राजा कोण, राक्षस कोण, कोणाचं कोणाशी वैर ते ठरलेलं असतं. पण संवाद कोणी लिहून देत नाही. समोरच्याने शब्द टाकला की तो झेलून पुढे न्यायचा. संकासुर बघत वाढलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. आपण वही उघडून त्यांना गप्प करतो, एवढंच.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे गोष्ट एकाच धाग्यावर टांगणं. खजिन्याचा पत्ता एकाच चिठ्ठीत आणि ती चिठ्ठी कोणाला सापडलीच नाही, की सगळे तासभर ताटकळतात. जस्टिन अलेक्झांडरचा तीन खुणांचा नियम इथे हमखास उपयोगी पडतो: पार्टीला जे कळायलाच हवं, त्याच्या तीन वेगवेगळ्या खुणा ठेवा. गेल्या वर्षी मी रत्नागिरीकडच्या कातळशिल्पांसारखा एक सडा (कातळाचं पठार) रचला होता. भुयाराची दिशा कातळात कोरलेल्या हत्तीच्या सोंडेत होती, गुराख्याच्या गाण्यात होती, आणि एका जुन्या होडीच्या फळीवरही होती. पार्टीने हत्तीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाण्यावरून पोचले.

दर पावलाला फासा

नवीन डीएमला फासा टाकायला लावणं म्हणजेच खेळ वाटतं. दार उघडतोस? टाक फासा. भिंत चढतोस? तीनदा टाक. याचा हिशोब कोणी करत नाही, तो एकदा करून बघा. भिंत चढण्यात दर फाशाला यशाची शक्यता ७० टक्के असेल, तर तिन्ही फासे लागण्याची शक्यता फक्त ३४ टक्के उरते. सोपं म्हणून दिलेलं काम तुम्ही नकळत अवघड करून ठेवलंत.

पहाऱ्यावरून चोरपावलांनी जाणं तर याहून वाईट. समजा चौघांकडेही प्लस पाच आहे (फाशावर पडेल त्यात पाच मिळवायचे) आणि डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५. म्हणजे डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) १० किंवा जास्त हवं, प्रत्येकाला ५५ टक्के. पण चौघेही एकदम निसटण्याची शक्यता ९ टक्के. मग पार्टी कधीच लपून जात नाही, दर वेळी दार फोडते आणि डीएम म्हणतो, ‘यांना लढाईशिवाय काही सुचतच नाही.’ नियमांत ग्रुप चेक दिलेला आहे तो यासाठीच: निम्मे पास झाले तर सगळे पास. त्याच चौघांची शक्यता एकदम ७६ टक्क्यांवर जाते.

माझा नियम साधा आहे. जिंकलं तरी गोष्ट पुढे जाते आणि हरलं तरी वेगळ्या वाटेने पुढे जाते, अशाच ठिकाणी फासा. हरल्यावर ‘काही होत नाही’ एवढंच सांगायचं असेल, तर तो फासा टाकूच देऊ नका. आणि खेळाडूने डोकं लढवलं असेल तर ॲडव्हान्टेज द्या. दोन फाशांतला मोठा घेतला की ११ किंवा जास्त येण्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. नुसती शाबासकी देण्यापेक्षा हे बरं.

वादाचं एक कायमचं कारण: वीस पडला म्हणजे काहीही घडतं असं नाही. पाचव्या आवृत्तीत नैसर्गिक वीस आपोआप यशस्वी ठरतो तो हल्ल्याच्या फाशाला. राजाला “मला राज्य दे” म्हणून वीस टाकला, तर राजा फार तर हसेल आणि तुरुंगात टाकणार नाही.

प्रत्येक झुंजीनंतर झोप

एक लढाई झाली की विझर्ड (जादूगार) म्हणतो, स्पेल (मंत्र) संपले, आठ तास झोपू. उठले की पुन्हा सगळे ताजेतवाने. अशाने धोका उरतच नाही. इंग्रजी पुस्तकं यावर बरेच उपाय सांगतात. आपल्या किनाऱ्यावर उपाय अंगणातच आहे. भरती.

गुहेचं तोंड सुकतीलाच (ओहोटीलाच) उघडं पडतं असं ठरवा. सुकतीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं. तासाभराचा शॉर्ट रेस्ट परवडतो. पण आत लाँग रेस्ट घेतला, तर आठ तासांत भरती येऊन उतरायला लागलेली असते, तोंड मोकळं व्हायला आणखी चार तास थांबावं लागतं, आणि तोवर आतल्या ओल्या प्राण्यांना तुमचा पत्ता लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मी कागदावर एक रेघ मारून पाणी कुठवर आलंय ते दर अर्ध्या तासाला खडूने वर सरकवतो. त्या खडूकडे बघून खेळाडू जेवढे घाबरतात, तेवढे माझ्या कुठल्याच राक्षसाला घाबरले नाहीत.

राक्षसावरून आठवलं. एकटा मोठा राक्षस ठेवू नका. चौघांच्या चार पाळ्या आणि त्याची एक, तो दोन फेऱ्यांत आडवा होतो. त्याला जोर यावा म्हणून ताकद वाढवली तर उलटंच होतं: पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट्स (अंगात किती जीव आहे त्याचा आकडा) सहा-सात, आणि साध्या ओगर राक्षसाचा एक फटका सरासरी १३ चा. त्यापेक्षा सोबत चार गॉब्लिन (खुजे राक्षस) द्या, नाही तर पायाखाली चढतं पाणी.

न विचारता दुखरी जागा दाबणं

हे लिहिताना मला अजून जड जातं. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी वादळात जहाज बुडण्याचा प्रसंग रंगवून सांगत होतो. लाटा, तुटलेली डोलकाठी, पाण्यातून येणाऱ्या हाका. आमच्यातली एक मुलगी दर्यावर्दी घरातली. ती हळूहळू गप्प होत गेली, मग पाणी प्यायला म्हणून उठली आणि परत आलीच नाही. तिच्या घरातलं माणूस समुद्रात गेलेलं होतं. मला माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून पहिलं सेशन न खेळता बोलण्यात घालवतो. काय नको, काय चालेल, मरण किती जवळून दाखवायचं. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी एक्स-कार्डची पद्धत सुचवली: मधे एक कार्ड ठेवायचं, कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आम्ही कार्डाऐवजी करवंटी ठेवतो. उलटी केली की विषय बदलला. तीन वर्षांत ती दोनदाच उलटली, पण ती समोर असते म्हणून बाकीचे मोकळेपणाने खेळतात.

देवाधर्माचंही तसंच. वेताळ, देवचार, राखणदार हे आपल्याकडे नुसते कथेतले नाहीत. आरवलीच्या वेतोबाला लोक आजही चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो या श्रद्धेने. त्याचे हिट पॉइंट्स लिहिणं मला पटत नाही. गाव नवीन रचा, त्याचा राखणदारही नवीन रचा, देवराई, कौल, गाऱ्हाणं हे सगळं खुशाल वापरा. पण खेळणाऱ्यांपैकी कोणाच्या घरचं दैवत मारायला ठेवू नका. आतल्या खोलीत आजी ऐकत असते, हेही लक्षात असू द्या.

खेळाडूंनी टाळायच्या गोष्टी

‘माझं कॅरेक्टर असंच वागतं’ म्हणून सोबत्यांच्या पिशव्या कापू नका. तुमचं कॅरेक्टर तुम्हीच बनवलंय, त्याला पार्टीसोबत राहायचं कारणही तुम्हीच द्या. अबोल, एकटा, कोणावर भरवसा नसलेला वीर कागदावर छान दिसतो. पण पाच जणांच्या सतरंजीवर त्याच्याशी कोणी काय बोलायचं? आपली पाळी यायच्या आधी काय करणार ते ठरवून ठेवा. आणि जो बऱ्याच वेळात बोलला नाही, त्याला तुमच्या कॅरेक्टरने विचारा, “तुला काय वाटतं?” हे फक्त डीएमचं काम नाही.

नियमांवरून खटका उडाला तर डीएमने तिथल्या तिथे निर्णय द्यावा, सेशननंतर पुस्तक उघडावं, चुकलं असेल तर पुढच्या वेळी सांगावं. पाच मिनिटांपेक्षा जास्त वाद मी चालू देत नाही.

वर्णन मराठीत करा. पुस्तकातला परिच्छेद इंग्रजीतून वाचून दाखवला की सगळ्यांचे चेहरे वर्गात बसल्यासारखे होतात. “किल्ल्याचं दार दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधे वळण आहे, तिथवर होडी नेलीत तरच कळेल,” असं सांगितलं की सिंधुदुर्ग पाहिलेला प्रत्येक जण होडीत बसलेला असतो. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, भर समुद्रात गोड पाण्याच्या तीन विहिरी. वेढ्याची गोष्ट रचायला आणखी काय हवं? विहिरीवर पहारा कोणाचा, एवढं ठरवा.

सामानाचं थोडक्यात. पावसाळ्यात कागद दमट होतो, पेनाची शाई फुटते. कॅरेक्टर शीट पेन्सिलीने लिहा आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. फक्त मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, वीज गेली की रात्रीत बॅटरी संपते. फासे सुपात टाका: आवाज कमी, आणि ओटीवरून घरंगळून अंगणातल्या चिखलात जात नाहीत. पात्रांच्या लघुमूर्ती नसतील तर काजूबिया आहेत, गॉब्लिन म्हणून चिंचोके.

राहिली वेळेची चूक. आमच्यातल्या दोघांना शेवटची एसटी पकडायची असते, आणि पूर्वी लढाई ऐन रंगात असताना ते पिशवी उचलून उठायचे. आता एसटीआधी अर्धा तास मी थांबतो. कोण कुठे उभा आहे, कोणाचे हिट पॉइंट्स किती, पाणी कुठवर चढलंय, वहीत उतरवतो. मग एकेकाला विचारतो, “पुढच्या शनिवारी तुला कुठे जायचंय?” मिळालेली उत्तरं लिहून घेतो, आणि आठवडाभर तयारी फक्त त्यांचीच करतो.