दत्तक की विकत? आधी पिल्लाची आई बघा

घरात कुत्रं आणायचं ठरलं की एक जण म्हणतो, ‘रस्त्यावर इतकी असताना पैसे कशाला मोजायचे?’ आणि दुसरा म्हणतो, ‘लॅब (लॅब्राडॉर) शांत असतो, गावठीचा काय भरवसा?’ दोघांचंही अर्धंच खरं आहे. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात पिल्लू ज्या माणसांत, आवाजांत आणि भावंडांत वाढतं, त्यावर त्याचा भित्रेपणा, चावरेपणा आणि माणसाळलेपण बरंचसं ठरतं. म्हणून दत्तक असो की विकतचं, ते आजवर कुठे आणि कोणाजवळ वाढलं हे आधी विचारा.

आधी घड्याळ, मग कुत्रं

दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, रात्रीही एक-दोनदा उठावं लागतं. नवरा-बायको दोघंही नऊ तास बाहेर असतील तर पिल्लू आणूच नका, मग ते फुकटचं असो की पन्नास हजारांचं. अशा घराला दोन वर्षांच्या पुढचं, फिरायची सवय असलेलं कुत्रं परवडतं. ते सहा-आठ तास थांबू शकतं आणि त्याचा आकार, भुंकणं, स्वभाव डोळ्यांसमोर असतो. शहरातल्या बहुतेक घरांना आम्ही हेच सुचवतो, पण गोंडस पिल्लाचा फोटो बघितल्यावर ऐकतं कोण!

सोसायटीने ‘कुत्रं चालणार नाही’ म्हटलं तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भाड्याच्या घरात मात्र घरमालकाची लेखी संमती आधी घ्या, कारण घर बदलताना कुत्रं मागे सोडलं जाणं नेहमीचं आहे.

दत्तक घेताना

पुण्यातल्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था आणि आपल्या घरी तात्पुरती कुत्री सांभाळणारे फॉस्टर, हे दोन मार्ग. फ्लॅटसाठी फॉस्टरच्या घरातलं कुत्रं उत्तम. ते लिफ्टमध्ये शिरतं का, मिक्सरच्या आवाजाला घाबरतं का, लहान मुलांजवळ कसं वागतं हे सांगणारं माणूस समोर असतं. शेल्टरमधल्या, म्हणजे संस्थेच्या निवाऱ्यातल्या, पिंजऱ्यात कुत्रं वेगळंच दिसतं. तिथे दबून बसलेलं घरी आल्यावर उड्या मारू शकतं आणि सतत भुंकणारं गप्प होऊ शकतं.

खरी संस्था तुम्हालाच प्रश्न विचारते: घरी कोण असतं, गावाला गेल्यावर कुत्रं कुठे ठेवणार, खिडक्यांना जाळी आहे का. घर बघायला येते, निर्बीजीकरणाची अट करारात घालते आणि जमलं नाही तर ‘कुत्रं परत आमच्याकडेच द्या’ असं लिहून घेते. याचा राग मानू नका. उलट कोणी काही न विचारता ‘अ‍ॅडॉप्शन फी’ आणि पत्ता मागितला तर तो विक्रेता आहे, दत्तकाचं नाव लावून बसलेला.

एकदा बघून ठरवू नका. दोनदा जा आणि एकदा तरी रहदारीच्या रस्त्यावर फिरवून बघा. मोटारसायकल गेली की दचकलं तरी चालेल, पण अर्ध्या मिनिटात पुन्हा हुंगायला लागलं पाहिजे. पंजे, कान, शेपटीचं मूळ हाताळून बघा. ताटातलं अन्न काढून घेऊन ‘परीक्षा’ मात्र घेऊ नका. त्यातून स्वभाव कळत नाही, चावा तेवढा मिळतो.

कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी केल्यावर ती खूण करतात. खाच नसेल तर कागद मागा. मोठ्या कुत्र्याची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून प्लेटलेट्स बघा आणि गोचीडतापासाठी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासून घ्या. हा ताप महिनोन्‌महिने लपून राहतो. कुत्रं वरवर धडधाकट दिसतं आणि एक दिवस नाकातून रक्त येतं. जननेंद्रियातून थेंब-थेंब रक्त येत असेल तर भटक्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणारी गाठ असू शकते. ती केमोथेरपीच्या काही इंजेक्शनांनी बहुतेकदा बरी होते, पण ते दत्तक घेण्याआधी कळायला हवं. खरजेला घाबरू नका, ती उपचाराने जाते. जबडा किंवा एखादा पाय सतत झटके देत असेल तर डिस्टेम्पर (मज्जासंस्थेवरही हल्ला करणारा विषाणूचा रोग) होऊन गेला असावा. तो झटका बहुधा जन्मभर राहतो.

लॅब किंवा पगच हवा, असं असेल तरीही आधी दत्तक देणाऱ्या संस्थांकडेच विचारा. 2003 साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि घराघरांत पग दिसू लागले. फॅशनमध्ये आलेली जात काही वर्षांनी शेल्टरमध्येही दिसते. वेतांसाठी वापरून टाकून दिलेल्या माद्याही तिथे असतात. तुम्हाला हवी ती जात आणि फुकट, दोन्ही एकाच पिंजऱ्यात सापडू शकतात.

विकत घेताना

2017 च्या कुत्रे प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने (पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याने) राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. फोनवरच नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागा. निम्मे विक्रेते तिथेच गळतील.

मग प्रत्यक्ष जा. ‘अर्ध्या रस्त्यात भेटू’, ‘आई गावाला आहे’, ‘पैसे पाठवा, पिल्लू ट्रान्सपोर्टने येईल’ यातलं एक वाक्य ऐकलं की फोन ठेवा. आईजवळ बसून तीन गोष्टी बघा. दूध उतरलेली स्तनं (म्हणजे ही खरंच यांची आई), तिची चाल, आणि मालकाजवळ ती शेपूट हलवत येते की अंग चोरते. भित्र्या आईची पिल्लं भित्री निघण्याचा धोका मोठा.

वय सांगण्यात सर्रास खोटं चालतं. ‘दोन महिन्यांचं’ म्हणून महिन्याचं पिल्लू हातात देतात, कारण लहान पिल्लू गोंडस दिसतं आणि विक्रेत्याचा खाण्या-लसीचा खर्च वाचतो. तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात असतात: 12 पुढचे, 4 सुळे, 12 दाढा. दाढा वर आलेल्या नसतील तर सांगितलेलं वय खोटं. महिन्याच्या पिल्लाला आईपासून तोडलं की चावताना जोर कुठे थांबवायचा हे ते भावंडांकडून शिकत नाही. पुढे तुमच्या मनगटावर शिकतं.

‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ असे दोन भाव सांगितले जातात. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे वंशावळीची नोंद, तब्येतीची हमी नव्हे. कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा 15 आकडी क्रमांक स्कॅनरने वाचून कागदाशी जुळवा. लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. तो नसेल तर ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘चॅम्पियन लाइन’ या शब्दांना काही किंमत नाही. ‘पंच फेस’ म्हणजे आखूड नाक, आणि आखूड नाक म्हणजे उन्हाळ्यात धाप. विदर्भाच्या उन्हाळ्यात हस्कीसारखं बर्फाळ प्रदेशातलं कुत्रं पाळणं म्हणजे वर्षातले चार महिने त्याला एसीत कोंडणं.

आपल्याकडचा कारवान हाउंड हवा असेल तर लातूर-सोलापूरकडे गावातच जाऊन बघा. धावणारी जात आहे, रोज मोकळं पळायला रान हवं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणून त्याला ‘हायपर’ म्हणू नका.

पहिले दिवस

लसीचं कार्ड घ्या आणि त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर व डॉक्टरांची सही आहे का बघा. नुसती पेनाने लिहिलेली तारीख चालत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत डोस, आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, पोटाच्या विषाणूरोगाची लक्षणं संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात, म्हणून शनिवारी ठणठणीत आणलेलं पिल्लू बुधवारी मलूल होतं. जेवण सोडलं, उलटी झाली, शी पातळ आणि वासाची झाली तर सकाळची वाट बघू नका. विषाणू फरशीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं तिथे लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच आणा.

लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही हे खरं, पण खोलीत कोंडूही नका. कडेवर घेऊन भाजी मंडई, रिक्षा स्टँड, शाळा सुटायची वेळ दाखवा.

दत्तक घेतलेलं मोठं कुत्रं पळून जातं ते बहुधा पहिल्या आठवड्यात, गेटपाशी किंवा रिक्षातून उतरताना. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि कॉलर दोन्ही घाला, पट्टा दोन्हींना अडकवा आणि रिक्षातून उतरण्याआधी पट्ट्याचा मनगटाला वळसा द्या. पहिले सात दिवस जुनंच अन्न, मग दर दोन दिवसांनी पाव भाग नवं. दूध-पोळीने सुरुवात केली तर हगवण लागेल आणि लोक म्हणतील, आजारी कुत्रं दिलं. तीन दिवस ते कोपऱ्यात बसेल, खरा स्वभाव तीन आठवड्यांनी दिसेल, तोवर पाहुणे बोलावू नका. घरी आधीचं कुत्रं असेल तर नव्याला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. महापालिकेचा परवाना काढायला रेबीजचा दाखला लागतो, तो जपून ठेवा.

आणि परतीची अट लेखी घ्या, ब्रीडरकडूनही: पहिल्या दहा दिवसांत पार्व्हो किंवा जन्मजात दोष निघाला तर काय, आणि पुढे कधी सांभाळता आलं नाही तर परत घेणार का. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राणी सोडून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. त्यामुळे कुत्र्याची सोय कायद्यापेक्षा त्या कागदावरच्या चार ओळींनी जास्त होते.