सूडाची मारामारी: पडद्यावरचा ठोसा खरा कसा दिसतो

सीक्वेलमधली मारामारी फसते ती बहुतेकदा कॅमेऱ्याच्या जागेमुळे. ठोसा बाजूने टिपला की मूठ आणि गाल यांच्यातली फट लगेच दिसते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवा. मूठ, चेहरा आणि लेन्स एका रेषेत आले की वीतभर अंतरही लपतं. लेन्स 85 मिलिमीटरच्या आसपासची असेल आणि कॅमेरा लांब असेल, तर आणखी सोपं.

मूठ चेहऱ्यासमोरून जाते त्याच क्षणी मार खाणाऱ्याने मान झटकायची: आधी हनुवटी, मग खांदा, शेवटी पाय. आधी झटकली तर प्रेक्षक हसतात, उशिरा झटकली तर ठोसा हुकल्यासारखा वाटतो. आवाज नंतर भरायचा असतो, त्यामुळे सेटवर तोंडाने ‘ढिश्श’ करू नये. (करतातच!)

सराव निम्म्या वेगाने करा. सेकंदाला नेहमीच्या 24 ऐवजी 22 फ्रेम्सवर (म्हणजे चित्रांवर) चित्रण करून ते 24 च्या वेगाने दाखवलं तर हालचाल किंचित चपळ दिसते. फार खाली गेलात तर केस आणि कपड्यांची फडफड चोरी उघडी पाडते.

प्रतिस्पर्ध्याने पहिल्या भागात ज्या डावाने नायकाला पाडलं, तोच इथे पुन्हा आणा. त्यावर नायकाच्या गुरूने शिकवलेलं उत्तर मात्र आधी दोनदा दिसायला हवं: एकदा सरावात, एकदा फसलेलं. नाहीतर शेवटचा फटका आयता वाटतो.

गुरूचे क्लोजअप शेवटी घ्या, पण नजरेची दिशा भिंतीवर टेप लावून आधीच ठरवा.