फौजी गावी येतोय : संचलन आणि स्वागताची तयारी कशी करावी

वीस-पंचवीस वर्षं ज्याने घड्याळाच्या काट्यावर दिवस काढले, त्याच्या स्वागताची मिरवणूक दोन तास उशिरा निघाली तर तो त्याचा मान नव्हे. म्हणून कोकणातल्या आपल्या गावात निवृत्त जवानाचं स्वागत करताना सगळ्यात आधी हे ठरवा : कार्यक्रम छोटा ठेवायचा, ठरल्या मिनिटाला सुरू करायचा, आणि संचलन करणाऱ्या शाळेच्या पोरांची पावलं एकत्र पडली पाहिजेत. एवढं जमलं तर फुलं कमी पडली तरी चालतं. एवढं चुकलं तर डीजे आणि मोठ्या कमानीने ते भरून येत नाही.

दिवस कोणता धरायचा

निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या तारखेला असते, त्यामुळे जवान साधारण पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचतो. अनेकांचे शेवटचे कागद रेजिमेंटच्या केंद्रात पूर्ण होतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. तिथून येणारा आंबोली घाट उतरून सावंतवाडीत येतो. उत्तरेतून येणारा कोकण रेल्वेने रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळला उतरतो.

पुष्कळ गावं स्टेशनवरूनच मिरवणूक काढतात. ते टाळा. दोन-तीन दिवस गाडीत काढलेला माणूस अंघोळ आणि झोप मागत असतो. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी, क्रॉसिंगला गाडी कुठेही रखडते, आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की वेगही कमी होतो. गाडी तीन तास उशिरा आली तर शाळेची पोरं तेवढा वेळ उन्हात ताटकळतात. स्टेशनवर घरचे दोघे आणि दोन तरणे हात एवढेच जाऊ द्या. गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते आणि काळी लोखंडी ट्रंक, बिस्तरा, पिशव्या उतरवायला तेवढाच वेळ मिळतो. सामानासाठी वेगळी रिक्षा किंवा टेम्पो सांगून ठेवा. संचलन दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला ठेवा. एप्रिल-मे महिन्यात साडेसात बरं, कारण दहानंतर दमट उकाड्यात कुणाचंच लक्ष लागत नाही.

खाडीपलीकडच्या वाडीत होडीने जायचं असेल तर आधी भरतीची वेळ पाहा. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही आणि पाहुण्यांना चिखलातून चालावं लागतं.

आधी त्यालाच विचारा

फोन करून चार गोष्टी विचारा. हुद्दा नेमका काय? नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार यांत फरक आहे, आणि बॅनरवर चुकलेला हुद्दा त्याच्या डोळ्यांत सलतो. किनारपट्टीवरचे बरेच जण नौदलात आणि तटरक्षक दलात असतात. नौदलात पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, तर तटरक्षक दलात अधिकारी, प्रधान अधिकारी असे हुद्दे आहेत, त्यांना ‘मेजर’, ‘सुभेदार’ लावू नका. दुसरं, घोषणा कोणती द्यायची? मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याला ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ऐकून ऊर भरून येईल. महार रेजिमेंटची घोषणा ‘बोलो हिंदुस्थान की जय’ आहे. तिसरं, फटाके चालतील का? कारवाईच्या भागात राहून आलेल्या काहींना अचानक झालेला आवाज त्रास देतो आणि ते स्वतःहून बोलत नाहीत. चौथं, बरोबर बेरेट (फौजी टोपी) आणि पदकं आहेत का?

तो अजून नोकरीत असेल, फक्त सुट्टीवर येत असेल, तर बॅनरवर आणि व्हॉट्सॲपवर युनिटचं नाव, नेमणुकीचं ठिकाण, गाडीचा नंबर, परतीची तारीख यातलं काहीही टाकू नका. हुद्दा, नाव, गाव एवढं पुरे.

परवानग्या

पोलीस पाटलांना सांगून ठाण्यात आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या. त्यात मार्ग, वेळ, अंदाजे माणसं, वाद्यं आणि ध्वनिक्षेपक सगळं लिहा. ग्रामपंचायतीचं पत्र सोबत जोडा. मार्ग मुंबई-गोवा महामार्गावरून नेऊच नका. महामार्ग ओलांडायचाच असेल तर तो एकाच ठिकाणी, पोलीस उभे असताना ओलांडा. हवेत बंदूक उडवायची हौस कुणाला असेल तर त्याला आधीच गप्प करा. २०१९ च्या दुरुस्तीपासून तो शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

फटाक्यांबद्दल एक खास कोकणातली गोष्ट. फेब्रुवारी ते मे बांधावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक रॉकेट काजूच्या बागेत पडलं की वणवा लागतो. त्या चार महिन्यांत फटाके नकोतच.

मार्ग आखणं

आठशे मीटर ते एक किलोमीटर पुरे. शिस्तीत चालणारं पथक मिनिटाला साधारण १२० पावलं टाकतं आणि पूर्ण पाऊल ३० इंचांचं, म्हणजे मिनिटाला नव्वद मीटर. पण ही मिरवणूक आहे. औक्षणाला थांबत, ढोलाच्या वेगाने एक किलोमीटरला पाऊण तास लागतोच.

आदल्या दिवशी एकाने बांबू हातात धरून सगळा मार्ग चालून यावं. लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, रस्त्यावर आलेल्या माडाच्या झावळ्या, फुटलेली गटारं त्यातच कळतात. तार खाली असेल तर महावितरणला कळवा. झेंड्याची काठी त्या जागी आडवी घेऊ असं म्हणून वेळ मारून नेऊ नका. कमान चिव्याच्या बांबूची करा, आंब्याचे टहाळे आणि केळीचे खांब लावा, पण मधली मोकळी उंची निदान सोळा फूट हवी. एसटी रोज त्याच रस्त्याने जाते. झेंडू घाटावरून येतो, म्हणून दोन दिवस आधी सांगावा लागतो. अबोली आणि सोनचाफा वाडीतच मिळतात.

शेवटचा टप्पा जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) असेल तर संचलन पाखाडीच्या पायथ्याशी संपवा. पायऱ्यांवर रांग टिकत नाही. पावसाळ्यात तर शेवाळावरून बूट हमखास घसरतो.

संचलन

शाळेत एनसीसी असेल तर काम सोपं, नसेल तर आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) किंवा स्काउट-गाइडची मुलं घ्या. चोवीस जण पुरेत : तीन रांगा, प्रत्येकीत एकामागे एक आठ. गावचा रस्ता दहा-बारा फुटी असतो. तीन रांगा त्यात मावतात, पण समोरून गाडी आली की कडेची रांग गटारात जाते. म्हणून दोन्ही टोकांना शिट्टीवाले दोघे-दोघे उभे करा आणि संचलनापुरता रस्ता बंद ठेवा. रस्ता त्याहून अरुंद असेल तर दोनच रांगा करा.

सराव रोज चाळीस मिनिटं, निदान पाच दिवस, आणि शेवटचे दोन दिवस प्रत्यक्ष रस्त्यावर. मैदानावर सरळ चालणारी मुलं चढ लागला की पावलं लहान करतात आणि मागची रांग पुढच्यावर आदळते. आठवी-नववीच्या पोरांना तीस इंचांचं पाऊल झेपत नाही. सगळ्यात बुटक्या मुलाला जमेल तेवढं पाऊल सगळ्यांचं ठेवा. शिकवायला गावातला माजी सैनिक मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सलामीचा मंच वळणानंतर लगेच नको. त्याआधी तीस मीटर तरी सरळ रस्ता हवा, कारण वळताना विस्कटलेली रांग सावरायला तेवढी जागा लागते. मंचाच्या दहा पावलं अलीकडे आणि दहा पावलं पलीकडे चुन्याची रेघ मारा. पहिल्या रेघेवर ‘दाहिने देख’, दुसऱ्या रेघेवर ‘सामने देख’. मंच डाव्या हाताला येत असेल तर आज्ञा ‘बायें देख’ होते आणि सरावही तसाच करावा लागतो. आयत्या वेळी मंच पलीकडे हलवला की अर्धी पोरं इकडे, अर्धी तिकडे बघतात. ‘दाहिने देख’ला सगळ्यांच्या माना वळतात, पण उजव्या रांगेने समोरच बघायचं असतं. तिच्यावरच सगळ्यांची सरळ रेषा अवलंबून असते. तिनेही मान वळवली की पथक हळूहळू मंचाकडे झुकत जातं.

ढोल-ताशा, खालुबाजा (कोकणातलं पारंपरिक वाजप) हवाच, त्याशिवाय गावाला मिरवणूक वाटत नाही. मात्र त्याचा ठेका वेगळा आणि तोही सतत बदलणारा. तो कानावर आला की पोरांची पावलं सुटतात. म्हणून शाळेचा ड्रम पथकाबरोबर पुढे आणि खालुबाजा सगळ्यात मागे, मध्ये निदान पन्नास पावलांचं अंतर ठेवा. मंचापुढून पथक जाईपर्यंत मागचं वाजप पूर्ण बंद. वाजंत्र्यांशी एकाच माणसाने बोलावं आणि खूण आधीच ठरवावी, कारण त्या आवाजात ओरडून सांगितलेलं कुणालाही ऐकू येत नाही.

मुलांना उपाशी उभं करू नका. चक्कर येते ती बहुधा चालताना नव्हे, तर भाषणं चालू असताना गुडघे ताठ करून उभं राहिल्यावर. घरून न्याहारी करून यायला सांगा, उभं असताना बुटातल्या बुटात बोटं हलवायला शिकवा, आणि सलामी झाली की लगेच ‘विश्राम’ देऊन सावलीत बसवा.

तिरंगा

तिरंगा लांबी-रुंदी ३:२ प्रमाणातच हवा. हातात धरायला ९०० बाय ६०० मिलिमीटरचा बरा. कोकणात देवस्थानचं निशाण, मंडळाचा भगवा असे झेंडे सोबत निघतात. तिरंगा त्यांच्याबरोबर चालणार असेल तर चालण्याच्या दिशेने उजव्या हाताला हवा, आणि बाकी झेंड्यांची ओळच असेल तर त्या ओळीच्या मध्यापुढे. दुसरा कुठलाही झेंडा त्याच्याहून उंच नको. सलामी देताना तिरंगा कुणापुढेही झुकवायचा नाही. जीपच्या बॉनेटवर तो अंथरायचा नाही, मंचाच्या टेबलावर घालायचा नाही. रस्त्यावर तिरंग्याची रांगोळी काढू नका, त्यावरूनच सगळी मिरवणूक जाते. कागदी झेंडे वाटले तर परत गोळा करायला चार मुलं पिशव्या घेऊन मागे ठेवा.

कोण कुठे

पुढे तिरंगा, मग शाळेचं पथक, त्यामागे गावातले आणि पंचक्रोशीतले माजी सैनिक, मग जवान आणि त्याचं कुटुंब, मग लेझीम आणि महिला, शेवटी खालुबाजा. जवानाला शक्यतो चालतच आणा. उघड्या जीपवर उभं केलं की लोकांना हात मिळवता येत नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी मात्र त्याच्या मागे एक गाडी हवी.

पथक मंचाजवळ येण्याआधी जवानाला दुसऱ्या वाटेने पुढे काढून मंचावर उभं करा, किंवा पथक तिथेच थांबवून त्याला पुढे येऊ द्या. सलामी त्यानेच घ्यायची. शेजारी गावातला सगळ्यात ज्येष्ठ माजी सैनिक असावा. सरपंच, आमदार, पाहुणे खाली पहिल्या रांगेत. उघड्या डोक्याने फौजी हाताने सलामी देत नाही, सावधान उभा राहतो. त्यामुळे बेरेट घालायला वेळ द्या आणि फेट्याची हौस नंतर करा. पदकं त्याची स्वतःची असतील तर डाव्या छातीवर. हुतात्म्याची पदकं लावून नातेवाईक आले असतील तर त्यांच्या उजव्या छातीवर.

गावात वीरमाता, वीरपत्नी असतील तर त्यांना घरी जाऊन आमंत्रण द्या आणि पहिल्या खुर्च्या त्यांच्या नावाने राखून ठेवा. पहिलं औक्षण जवानाच्या आईने करावं, मग ती विधवा असली तरी. अजूनही कुठे कुठे अशा आईला मागे उभं करतात आणि ताट दुसऱ्या कुणाच्या हातात देतात. हे थांबवायचं काम आयोजकांचं आहे. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींना तसंच आवाहन केलं. आदल्या संध्याकाळी घरच्या बायकांशी बसून हे ठरवून टाका. आयत्या वेळी ताट समोर आल्यावर वाद नको.

ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं (देवाला घालायचं साकडं) पाच मिनिटांत आटपतं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सगळं गाव तयारच असतं. त्यानंतर भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटं, शेवटचं जवानाचं, तेही त्याला बोलायचं असेल तरच. शाल-श्रीफळ ग्रामपंचायतीचं एकच द्या. प्रत्येक मंडळाची वेगळी शाल ठेवली की तासभर फोटोच चालतात. राष्ट्रगीत मुलांनीच म्हणावं, ५२ सेकंदांचं आहे. मोबाईलवरून लावलेलं मध्येच अडकतं आणि सगळे ताटकळत उभे राहतात.

दोनशे माणसांना दोन-दोन पेले कोकम सरबत म्हणजे साधारण साठ लिटर. त्याला बारा लिटर कोकम सिरप आणि बाकी पाणी लागतं, चवीला मीठ-जिरं.

पाऊस असेल तर

जून ते सप्टेंबरमध्ये शाळेचं सभागृह आधीच मागून ठेवा. ढोलाची चामड्याची पानं ओल खाऊन सैल पडतात, फायबरची पानं लावलेले ढोल आणायला सांगा. सकाळी सहाला बाहेर की आत, हे एकाच माणसाने ठरवायचं आणि ते सगळ्यांनी ऐकायचं. सभागृहात संचलन होत नाही, पण मुलांना दुतर्फा उभं करून मधून जवानाला आणता येतं, आणि तेही देखणं दिसतं.

नंतरचं काम

जवानाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार आणि फोटो लागतात. माजी सैनिकाच्या घरपट्टी माफीचा अर्ज ग्रामपंचायतीतच द्यायचा असतो, तो ग्रामसेवकाने सत्काराच्या वेळी हातात ठेवला तर शालीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. इतकी वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला तलाठी कोण, सेतू कुठे, हे ठाऊक नसतं. पहिल्या आठवड्यात त्याच्याबरोबर कोण जाणार, ते नाव तयारीच्या पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.